चिनी कारभाऱ्याच्या शेजारची खुर्ची

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दीपा आली. दोन ब्यागा. मले वाटलं एकीत तरी कपडे असतील. दोन्हीत पुस्तकं. कपडे कापडी पिशवीत, ते बी चुरगळलेले.

माझ्या पोराची, प्रेमची थोरली पोरगी. माझी नात. एकोणतीस वर्षांची झाली आणि अजून शाळेत. शाळा म्हटलं की चिडते. "दादी, पीएचडी आहे." असन. सात वर्षांत शेजारच्या धुरपताबाईचे तीन नातू झाले, हिचं एक पुस्तक नाही झालं.

पाच धडे लिहून झाले म्हणते, सहावा अडून बसला. ४ एप्रिलच्या आत दिल्लीच्या विद्यापीठात पुस्तक जमा केलं नाही तं नाव कापतात. मग सात वर्षं गेली वाऱ्यावर. म्हणून आमच्या बंजारा तांड्यात आली, इथं डोकं चालन म्हणते. इथं कोणाचं चालून राह्यलं ते मले बी दाखव म्हटलं.

भाकरी मात्र चार खाल्ल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज विचारलं, लिहून कशावर राह्यली? चीनवर. वर्ध्याले चिनी शिकली ते मले माहीत होतं, पण पूर्ण चीन एका पुस्तकात कसा मावन? तं म्हणे पूर्ण नाही. एकच माणूस.

फान नाव आहे त्याचं. चीनमध्ये मोबाइलवर, इंटरनेटवर लोकांनी काय लिहायचं आणि काय नाही, हे पाहणारी एक कचेरी आहे. त्या कचेरीतला हा दोन नंबरचा साहेब. होता. दीपानं त्याची सगळी नोकरी काढली — कुठं लागला, कुठं बदली झाली, कोणाच्या हाताखाली किती वर्षं. एका माणसाच्या नोकरीवर सात वर्षं! त्याच्या बायकोनं बी इतका विचार केला नसन.

"मग एक नंबरचा कोण?"

"मोठे साहेब. ते ठरवतात. हा करवून घेतो."

"मग असं सांग ना सरळ. तो नायक, हा कारभारी."

आमच्या तांड्यात तेच आहे. नायक ठरवतो, कारभारी घरोघर जाऊन करवून घेतो. माझा बुढा बाबूसिंग एकोणीस वर्षं कारभारी होता. नायकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत चप्पल पायात घालायचा. जेवता जेवता उठून जायचा. मी काय कमी पाह्यलं?

दीपानं माझं वाक्य वहीत लिहून घेतलं. म्हणे यालेच आमचे सर एका ओळीएवढा लांब इंग्रजी शब्द वापरतात.

६ फेब्रुवारी

फरदडीचा, शेवटच्या बहराचा कापूस वेचला. दुसरं काही नाही. फान दिवसभर डोक्यात. त्याले घरी कोण वाढते, मुलंबाळं किती, हे पोट्टीनं कुठंच लिहिलं नाही. विचारलं तं म्हणे ते माहीत नाही. मग सात वर्षं केलं काय?

९ फेब्रुवारी, रविवार

आज लय मोठी गोष्ट झाली.

तांड्याचा व्हाट्सॲप ग्रुप आहे. नायक रामसिंगच्या पोरानं, दुकानवाल्या शामनं काढला. कशासाठी? शेतातल्या मोटरीची लाइट कधी येणार, नळ कधी, लसवाल्या बाई कधी, हे कळावं म्हणून. आणि त्यावर येते काय? गुलाबाची फुलं. गुड मॉर्निंग. हे अकरा जणांले पाठवा नाही तं वाईट होईन. परवा लाइटचं टायमिंग आलं, त्यावर चाळीस फुलं पडली. कोणाले दिसलंच नाही. अर्ध्या तांड्याच्या गव्हाचं पाणी हुकलं. मग ग्रुपवरच भांडणं, आयमाय काढणं.

संध्याकाळी नायकाच्या ओट्यावर बैठक. ग्रुपवर कोण लक्ष ठेवन? शाम म्हणे माझं कोणी ऐकत नाही. नायक सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "लालीबाईले करा. तिले उलटून बोलायची कोणाची हिंमत आहे का?"

कोणीच बोललं नाही. झालं तिथंच साबित.

तं मी आता ॲडमिन. चौथी पास. दीपानं शिकवलं — बोट दाबून धरायचं, मग पुसायचं, सगळ्यांच्या फोनमधून जाते. सगळ्यांच्या! जादूच आहे.

१० फेब्रुवारी

एकतीस फुलं पुसली. दोन चहाचे कप. एक बाळ, कोणाचं ते माहीत नाही. चार देव. देव पुसताना बोट जरा थांबलं. मग पुसले. लाइटचं टायमिंग त्याइच्याच खाली दबलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रुपवर लोकांची नावं पाहा. किंग. तुफान. दिल का राजा. हा दिल का राजा म्हणजे लालसिंग, दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढताना माय आठवते. मी बोलून पाठवलं — उद्यापासून आपलं नाव, बापाचं नाव, नाही तं बाहेर. संध्याकाळपर्यंत सगळे राजे आपापल्या बापाच्या नावावर आले. एक तुफान राह्यला होता, त्याच्या दारात धुरपताबाईले पाठवलं.

दीपा हसून हसून खाली बसली. म्हणे दादी, फाननं हेच केलं होतं. खरं नाव दिल्याशिवाय कोणी काही लिहायचं नाही, असा नियम. त्याले दोन वर्षं लागली.

"मले एक दुपार लागली."

"त्याच्याकडे लोक किती होते."

"माझ्याकडे धुरपताबाई होती."

हे बी तिनं लिहून घेतलं. सर छापू देतात का पाहू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज फानची सगळी गोष्ट ऐकली. अंगणात तूर वाळत होती, ती राखत बसली होती मी, दीपानं बाजूले बसून सांगतली.

लहान गावातला पोरगा. बाप टेलिफोनच्या खांबावर चढणारा. हा बी आधी तारा जोडायचा. कचेरीच्या फळ्यावर बातम्या लिहायचा, अक्षर चांगलं होतं. एका बारक्या साहेबाले अक्षर आवडलं, त्यानं ठेवून घेतलं. तो साहेब वर चढला की हा बी मागून एक पायरी चढे. असे सव्वीस वर्षं. शेवटी राजधानीत, इंटरनेटच्या कचेरीत, दोन नंबर. मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकाले चहाले बोलावे आणि सांगे — हे लोकांले दिसू द्यायचं नाही, ते दिसू द्यायचं नाही. चहा प्यायचा आणि मालक मान हलवून घरी.

आणि तीन वर्षांआधी एक दिवस काढलं. दूरच्या कोरड्या मुलखात पाठवलं, कालवे आणि मेंढ्या पाहायले. काहून? कोणी सांगतलं नाही. इथंच दीपाचा सहावा धडा अडला. दिल्लीचे सर म्हणतात शिक्षा झाली, सगळे तेच म्हणतात, लिहून मोकळी हो. दीपा म्हणते शिक्षा झाली असा एक कागद दाखवा. कागद नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं पुसलं, त्याच्यावरचं लिहिलेलं बी कोणीतरी पुसून टाकलं.

मी म्हटलं, धंदाच वाईट. लोकायची तोंडं दाबायची. आमच्या बुढ्यानं निरोप पोचवले, कोणाचं तोंड नाही दाबलं.

दीपानं माझ्या हातातल्या फोनकडे पाह्यलं फक्त. मी सहा फुलं पुसून बसली होती तेव्हाच. मी बी मग तुरीकडे पाह्यलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फानचे फोटो पाह्यले. दीपाच्या ल्यापटॉपमधे शंभरावर आहेत. सगळे बैठकीचे. लांब टेबल, सगळ्याइच्या पुढं झाकणाचे पांढरे कप, सगळे काळ्या कोटात. लग्नात आलेले आणि जेवण न मिळालेले दिसतात.

दीपा तारखा सांगे, मी पाहे. जुन्या फोटोत फान मान खाली घालून लिहून राह्यला. पुढच्यात बी लिहून राह्यला. दहा वर्षं नुसता लिहून राह्यला, चेहरा दिसेना. मग एक फोटो आला, त्यात पेन टेबलावर. आणि फान खुर्चीले टेकून बसला. हात पोटावर.

"हा बोलून राह्यला तो कोण?"

"तेच मोठे साहेब."

"गेला मग हा."

"कसा?"

"नायक बोलून राह्यला आणि कारभारी टेकून बसला."

"दादी, खुर्ची आहे. माणूस टेकणारच."

"बाजूचे बारा जण नाही टेकले."

दीपानं बोट लावून मोजले. बारा. मग पुढचे फोटो काढले — सगळ्यात टेकलेला. तारखा लावल्या. टेकायले लागला त्याच्या आठ महिन्यांनी बदली.

तिनं मले अशी मिठी मारली की माझं सुपारीचं खांड घशात गेलं. म्हणे अर्धा धडा सुटला. अर्धाच काहून? तं टेकला म्हणून हलवला, हे कळलं. पण कायमचा टाकून दिला, का जरा बाजूले ठेवला? ते नाही कळत. आणि सर तेच विचारतील.



२ मार्च, रविवार

शामनं नवीन कळ दाखवली. दाबली की ग्रुपवर ॲडमिनशिवाय कोणीच लिहू शकत नाही. दाबली. काय शांतता! लग्नाचं वऱ्हाड गेल्यावर तांडा असतो तशी.

आता मी सकाळी लाइट सांगते, दुपारी नळ, संध्याकाळी कोणाची म्हैस कोणाच्या हरभऱ्यात गेली ते. लोक रस्त्यात थांबून विचारतात, लालीबाई, आमचं एवढं टाकता का? पाहू म्हणते. पाहूच म्हणते, हो नाही म्हणत.

८ मार्च

महिला दिनाले ग्रामपंचायतीत बोलावलं. नारळ दिला. सरपंच म्हणे तांड्याची पहिली ॲडमिन महिला. धुरपताबाईले बी नारळ भेटला, पण तिचा लहान होता.

दीपा सहाव्या धड्याचं पहिलं पान सातव्यांदा लिहून राह्यली. मले दुपारी वेळच नाही तिच्याजवळ बसायले.

१२ मार्च, बुधवार

होळीचं टाकलं ग्रुपवर. "शुक्रवारी पहाटे पाचले होळी पेटेल. सर्वांनी वेळेवर मैदानात हजर राहावे. लालीबाई बाबूसिंग राठोड, ॲडमिन." दीपानं टाइप करून दिलं, बोललेले शब्द माझे. वाचून काढलं. पेपरातल्यासारखं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

लिहायची लाज वाटते. लिहितेच.

आमची होळी पहाटे पेटते. पण त्याच्याआधी एक रीत आहे. होळी खेळणारे पोरं, गेरिये म्हणतात त्याइले, डफ घेऊन नायकाच्या दारात जातात. म्हणतात, "नायक, होळी खेळू का?" नायक म्हणतो, "खेळा." मग तांडा हलतो. माझ्या आजेसासूच्या काळापासून असंच. नायकानं हो म्हटल्याशिवाय काडी लागत नाही.

आज पाचले सगळा तांडा थेट मैदानात. एकूण एक वेळेवर. आयुष्यात पह्यल्यांदा! मी काठी टेकून पुढं उभी. गेरिये डफ घेऊन तिथंच. लालसिंगनं काडी काढली आणि इकडे तिकडे पाहून म्हणे, "नायक कुठं आहे?"

नायक घरी होता. दारात खुर्ची टाकून, लाल फेटा बांधून, साडेचारपासून बसला होता. गेरिये येतील, विचारतील म्हणून. कोणी गेलंच नाही. कायले जातील? वेळ तं फोनवर आली होती. खाली माझं नाव होतं.

सगळे पळाले त्याच्या दारात. डफवाले पुढं, बाया मागं, मी सगळ्याइच्या मागं. नायक उठला नाही. म्हणाला, "मले कायले विचारता? लालीबाईले विचारा."

शेवटी धुरपताबाईच पुढं झाली. म्हणे, "ओ नायक, फेटा बांधून बसायले बारसं आहे का तुमचं? चला, लाकडं वाट पाहून राह्यले." तो हसला नाही, पण उठला. उजाडल्यावर होळी पेटली. लेंगी, आमची होळीची गाणी, गायली, पोरं नाचले, दीपा बी नाचली. मी बी गायली. सगळ्याइच्या मागं उभी राहून.

१५ मार्च

सकाळी फोनवर एक ओळ. मी आता ॲडमिन नाही.

शामनं केलं, बापानं सांगतलं असन. दीपाले दाखवलं. तिनं वाचलं, माझ्याकडे पाह्यलं, ओठ दाबले, हसू दाबता आलं नाही.

"दादी," म्हणे, "तू टेकली."

टेकली. फानले टेकायले सव्वीस वर्षं लागले. मले पाच आठवडे.

दुपारपर्यंत ग्रुपवर साठ फुलं.

१८ मार्च, मंगळवार

आज लय लिहायचं आहे.

तुरीची डाळ करायची म्हणून बाया धुरपताबाईकडे जमतात, तिच्याकडे चांगलं जातं आहे. जाऊ का नको झालं होतं. काहून की मले माहीत आहे माणूस पडला की काय होते. पंधरा वर्षांआधी शंकरसिंगनं एकच बैल दोघाले विकला. तांड्यानं पंचायत बसवली. कोणी म्हटलं नाही की याच्याजवळ बसू नका. पण दुसऱ्या दिवशी लग्नात पंगत बसली, तं त्याच्या दोन्ही बाजूले सतरंजी वीतभर उघडी. कोणी ठरवून नाही करत. अंगच आपोआप सरकते. त्याच्यावरून कळते माणूस खरा पडला का नाही.

तं मी त्या वितीची तयारी करून गेली. दाराशीच बसली, म्हणजे सरकायचा कोणाले त्रास नको.

धुरपताबाईनं जात्यावरून मान वर नाही केली. म्हणे, "आल्या का ॲडमिनबाई? का माजी म्हणू?"

"काही म्हण."

"मग तिथं चौकीदारासारखी कायले बसली? इकडे ये, जातं काय माझ्या एकटीच्या बापाचं आहे?" आणि हात धरून वढली. गुडघ्याले गुडघा लावून बसवली. नायकाची सून शीला, जिच्या सासऱ्याचा मी अपमान केला, तिनं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणे, "मावशी, पाखडा, तुमचा हात चांगला आहे." दुसऱ्या बाजूची बी चिकटून. घामाचा वास येईपर्यंत चिकटून.

मी दोन सुपं पाखडली आणि डोक्यात लख्ख झालं. सूप तसंच टाकून उठली. धुरपताबाई मागून ओरडली, डाळ कोण, तुझा बुढा येऊन पाखडन का?

घरी येऊन दीपाले म्हटलं, फानले मेंढ्याकडे पाठवल्यानंतरचा फोटो आहे का? आहे म्हणे, एक. वर्षातून एकदा मोठी बैठक होते, सगळे मुलखातले येतात. काढला. पह्यले हा पुढच्या रांगेत असायचा, आता चौथ्या रांगेत. सर म्हणतात पाहा, चौथी रांग, शिक्षा.

"रांग राहू दे. बाजूची खुर्ची मोठी करून दाखव."

केली. बाजूचा माणूस फानले कोपर लावून बसला होता. त्याच्या कागदावर बोटानं काही दाखवून राह्यला. दुसऱ्या बाजूचा त्याच्याकडे झुकून हसून राह्यला. वीत काय, बोटभर जागा नाही.

"हा पडला नाही," मी म्हटलं. "ओरडा बसला फक्त. नायक बोलावन याले परत."

मी त्याच रांगेत पुढं पाहत गेली. टोकाशी एक जाडा माणूस होता. दोन्ही बाजूचे त्याच्यापासून असे सरकून बसले होते की मधात पोरगं बसन.

"हा पाह्य. हा पडला. हा कोण?"

तिनं शोधलं. बराच वेळ शोधलं. मग खुर्चीवरून उठून उभीच राह्यली. त्या फोटोच्या दोन महिन्यांनी त्या माणसाले अटक झाली होती. फोटोच्या वेळी कोणाले माहीत नव्हतं. दीपाले बी आज कळलं.

तिनं मले उचललं. खरंच उचललं, जमिनीवरून. या वयात. शीला तेवढ्यात सूप घेऊन मागं आली होती, तिच्या समोर.

२२ मार्च, शनिवार

चार पानं लिहिली दीपानं. सगळी खुर्च्यायची. फान पडला नाही, ठेवला आहे, उद्या परत बोलावू शकतात, असं. मले वाचून दाखवली, मराठीत करून करून. वाचताना आवाज असा होता जसा परीक्षेत पह्यला नंबर आला तेव्हा होता, सातवीत.

सरले पाठवली. दुपारी फोन आला. मी चुलीजवळ होती, तिचंच बोलणं ऐकू येत होतं. हो सर. नाही सर. हो, कागद नाही सर. हो, समजलं सर.

मग बाहेर येऊन म्हणाली, सर म्हणतात फोटोतल्या खुर्च्यांवर पीएचडी मिळत नाही. परीक्षक हसतील. काढ, नाही तं मी सही करणार नाही.

"तुले काय दिसलं फोटोत?"

"तू म्हणतेस तेच."

"मग?"

"मग काय दादी. बारा दिवस राह्यले."

कोंबड्यायले दाणे टाकत बसली. सगळे दाणे एकाच कोंबडीपुढं.

२९ मार्च

दीपा गेली. राळेगावच्या बसनं, पुढं वर्धा, तिथून दिल्लीची गाडी. धडा झाला म्हणे.

"खुर्च्या आहेत ना त्यात?"

"हो दादी," म्हणाली, रस्त्याकडे पाहून. बस येऊन राह्यली होती म्हणून पाह्यलं असन.

३ एप्रिल, गुरुवार

जमा केलं! एक दिवस आधी. तीनशे बारा पानं. ग्रुपवर टाकलं तं फुलाइच्या खाली दबन, म्हणून धुरपताबाईले सांगतलं. फोनच्या आधी पोचलं सगळ्याइकडे.

७ ऑगस्ट

तीजेचे दिवस. पोरींनी टोपल्यात गहू पेरले, वीतभर वर आले. नायकानं बोलावलं. ओट्यावर बसला होता, मले वाटलं अजून होळीच काढतो का.

"लालीबाई, तीज कधी उठवायची, टोपल्या कधी पाण्यात सोडायच्या, ते ग्रुपवर टाका. शामले शब्द जमत नाही."

"मी कशी टाकू? मी ॲडमिन नाही."

"सकाळपासून आहे."

"बरं. तुमी आधी इथं सगळ्याइले सांगा. मग मी टाकते. खाली तुमचं नाव."

त्यानं सुपारी कातरली, अर्धी मले दिली. पाच महिने लागले एका खांडाले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पास! तोंडी परीक्षा झाली दीपाची. चार मोठे साहेब, एक बाई, दीड तास. शेवटी उठून टाळ्या वाजवल्या म्हणे. प्रेमनं पेढे आणले आणि स्वतःच पाच खाल्ले. नायकानं दारात उभं राहून तांड्याले सांगतलं — आपल्या तांड्याची पह्यली डॉक्टर. डफ काढले. कपाशीच्या निंदणावरून बाया तशाच आल्या, पायाले माती, आणि नाचल्या. धुरपताबाई मले वढत होती, मी म्हटलं माझे गुडघे, ती म्हणे लालसिंग नाचून राह्यला, तुझे काय खास आहेत का? नाचली.

दीपा फोनवर दिसत होती, सगळ्याइनं तोंड घालून घालून पाह्यली. माझी पाळी आली तेव्हा विचारलं, "सहाव्या धड्यावर कोणी हसलं का?"

"नाही दादी."

"काही विचारलं बी नाही?"

"काही नाही."

"मोठी माणसं दिसतात," मी म्हटलं. "मले वाटलं, हसतील तरी."

११ डिसेंबर, गुरुवार

दीपाचा फोन. फान परत आला. त्याच कचेरीत, आणि दोन नंबर नाही — एक नंबर. आज सकाळीच चीनमध्ये जाहीर झालं. मी म्हटलं, पाह्य, सांगतलं होतं का नाही, आता तुझ्या पुस्तकाचा भाव वाढला.

ती म्हणाली, "दादी, ती चार पानं मी काढली होती. सर म्हणाले तेच लिहिलं, शिक्षा झाली म्हणून. म्हणूनच कोणी काही विचारलं नाही."

मी म्हटलं, चार पानं पुसली हे फानले कळलं तं तुले नोकरी देईन.

आधी रडायच्या बेतात होती, मग हसली. लय वेळ हसली. म्हणे पुढच्या वर्षी छापायचं आहे, खरं पुस्तक. मी म्हटलं मग घाल ती पानं परत.

"सरले विचारू?"

"विचार ना. घातल्यावर."